गोल्फ मैदानाची योजना : जमीन, पाणी आणि पैसा

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याच्या विभाजनातून अस्तित्वात आला. परंतु ज्या तलावांमुळे या भूमीस तलावांचा प्रदेश म्हणून ओळखले जाते, ते त्याहून दोन-अडीचशे वर्षांनी जुने आहेत. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय कोलू पाटील कोहळी याने बांधला असे परंपरा सांगते. डोंगरांच्या कुशीत पाळ घालून अडविलेले हे पाणी आज पर्यटकांना निसर्गनिर्मित वाटते. ते माणसाने बांधले आहे आणि धान पिकविण्यासाठी बांधले आहे, याची जाणीव फारच थोड्यांना असते.

या जलाशयाभोवतीचे अरण्य १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. पुढे डिसेंबर २०१३ मध्ये नवेगाव आणि नागझिरा ही दोन्ही वनक्षेत्रे मिळून व्याघ्र प्रकल्प घोषित करण्यात आला. मुंबई-हावडा लोहमार्गावरील गोंदिया हे जुने जंक्शन आहे आणि मार्च २०२२ पासून बिरसी विमानतळावरून प्रवासी विमानसेवाही सुरू झाली. रेल्वे, विमान, अरण्य आणि जलाशय ही जेथे एकत्र येतात, तेथे पर्यटनाच्या मोठ्या योजना आज ना उद्या मांडल्या जातात. हॉटेल, बंगल्यांची वसाहत आणि त्यांच्या मधोमध गोल्फचे हिरवेगार मैदान, हा अशा योजनांचा जगभर रूढ झालेला साचा आहे. प्रस्तुत विवेचन कोणत्याही विशिष्ट प्रस्तावासंबंधी नाही. असा प्रस्ताव ग्रामसभेपुढे किंवा कार्यालयाच्या टेबलावर आला, तर त्याची छाननी कोणत्या क्रमाने करावी, एवढाच त्याचा हेतू आहे.

खेळ आणि त्याची जमीन

गोल्फचे पूर्ण मैदान १८ होलांचे असते. प्रत्येक होलासाठी चेंडू टोलविण्याची जागा, मग गवताची लांबलचक पट्टी आणि शेवटी अत्यंत बारीक कापलेल्या गवताचे वर्तुळ अशी रचना असते. या वर्तुळाला ग्रीन म्हणतात. चेंडू ज्या खळग्यात घालावयाचा तो याच वर्तुळात असतो. अठरा होलांची एकूण लांबी सहा किलोमीटरच्या आसपास भरते. मधली झाडी, वाळूचे खड्डे व पाण्याची डबकी धरून अशा मैदानास ५० ते ६० हेक्टर जमीन लागते. त्यात हॉटेल व घरे यांची भर पडली की हाच आकडा सहज दुप्पट होतो.

या खेळाचा उगम ज्या स्कॉटलंड देशात झाला, तेथे त्यासाठी कोणी शेती मोडली नव्हती. समुद्रकाठची वालुकामय, नांगरास निरुपयोगी अशी गावाची सामाईक जमीन, त्यावर चरणाऱ्या मेंढ्या आणि आकाशातून वर्षभर पडणारा पाऊस, हेच तेथील मैदान होते. सेंट अँड्र्यूज येथील प्रसिद्ध जुने मैदान आजही सार्वजनिक आहे. १९७४ च्या कायद्याने स्थापन झालेल्या विश्वस्त मंडळाकडे त्याचा कारभार असून, एरवी रविवारी तेथे खेळ बंद असतो व गावकरी फिरावयास येतात. भारतात हा खेळ इंग्रजांबरोबर आला. कलकत्त्याचा क्लब १८२९ सालचा असून ब्रिटिश बेटांबाहेरील तो सर्वांत जुना मानला जातो. मुंबईत चेंबूरचे मैदान १९२७ मध्ये स्थापन झालेल्या क्लबाचे आहे. या जुन्या क्लबांना जमीन मिळाली ती शहरे लहान असताना. आजच्या योजनाकारास ती सोय नाही.

महाराष्ट्रात सार्वजनिक संस्थेने हाती घेतलेले ठळक उदाहरण म्हणजे सिडकोने नवी मुंबईत खारघर येथे डोंगरपायथ्याशी उभारलेले मैदान. ते केवळ सभासदांपुरते न ठेवता शुल्क भरून कोणासही खेळता यावे अशा धर्तीवर सुरू करण्यात आले. दुसरे म्हणजे, प्रारंभी ११ होलच खेळासाठी खुले झाले व अठरा होलांचा विस्तार पुढील टप्प्यासाठी ठेवण्यात आला. टप्प्याटप्प्याने जाण्याची ही रीत अनुकरणीय आहे. तथापि सिडकोजवळ जमीन आधीच होती आणि सभोवती लक्षावधी लोकवस्तीचे शहर उभे राहत होते. अर्जुनी-मोरगाव किंवा सडक-अर्जुनी तालुक्यात या दोहोंपैकी एकही गोष्ट नाही, हे विसरून चालणार नाही.

दूर्वेची तहान

उष्ण प्रदेशांतील बहुतेक मैदानांवर जे गवत लावले जाते, त्याला इंग्रजीत बर्म्युडा गवत असे भारदस्त नाव आहे. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ती आपली हरळी, म्हणजेच गणपतीला वाहिली जाणारी दूर्वा होय. मैदानांसाठी तिच्या संकरित जाती वापरतात. शेतकरी जी हरळी खणून खणून थकतो, तीच येथे लक्षावधी रुपये खर्चून वाढविली जाते. हरळी मुळात काटक असते आणि उन्हाळ्यात पिवळी पडून पावसाळ्यात पुन्हा फुटते. परंतु ग्रीनवरील गवत तीन-चार मिलिमीटरवर रोज कापावे लागते व ते पिवळे पडलेले चालत नाही. म्हणूनच त्यास सतत पाणी, खते आणि रोगनाशके द्यावी लागतात.

हा हिशेब कोणत्याही शिक्षकास फळ्यावर मांडता येईल. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे १०,००० लिटर. साठ हेक्टरच्या मैदानापैकी केवळ २५ हेक्टरवर नियमित सिंचन करावे लागते असे धरू आणि गोंदियाच्या उन्हाळ्यात गवतास रोज पाच मिलिमीटर पाणी लागते असे मानू. हे अनुमान मुद्दाम सौम्य ठेवले आहे. तरी रोजची गरज १२ लाख ५० हजार लिटर होते. ग्रामीण पाणीपुरवठ्याचे जल जीवन मिशनचे प्रमाण माणशी दररोज ५५ लिटर आहे. त्या प्रमाणाने एवढे पाणी सुमारे २२,७०० माणसांना पुरेल. मार्चपासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचे १०० दिवस धरले, तर एकूण पाणी १ लाख २५ हजार घनमीटर भरते, म्हणजे साडेबारा हेक्टरच्या तलावातील एक मीटर उंचीचा संपूर्ण थर. बाष्पीभवन आणि पाझर यांची तूट त्यात धरलेली नाही.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नमूद केली पाहिजे. उन्हाळी धानास हेक्टरी सुमारे १२,००० घनमीटर पाणी लागते असे धरल्यास, वरील पाण्यात दहा-अकरा हेक्टर धानच होईल. जिल्ह्यात याहून कितीतरी मोठ्या क्षेत्रावर उन्हाळी धान घेतले जाते. तेव्हा गोल्फचे मैदान सारे पाणी पिऊन टाकील अशी हाकाटी करणे अतिशयोक्तीचे होईल. प्रश्न पाण्याच्या राशीचा नाही, तो पाण्याच्या स्वभावाचा आहे. ज्या वर्षी पाऊस हुलकावणी देतो आणि तलाव अर्धाच भरतो, त्या वर्षी गाव उन्हाळी धान लावीत नाही. शेत पडीक राहते, नुकसान होते, परंतु पुढील वर्षी तेच शेत पुन्हा पिकते. मैदानाला मात्र असा खाडा करता येत नाही. एका उन्हाळ्यात ग्रीन वाळली तर ती पुन्हा उभी करण्यास नव्याने भांडवल घालावे लागते व तोवर उत्पन्न थांबते. साहजिकच मैदानाचा मालक दुष्काळी वर्षीच पाण्यासाठी सर्वाधिक आग्रही असणार, आणि त्याच वर्षी गावाजवळ सर्वांत कमी पाणी असणार. जिल्ह्यात १,२०० ते १,३०० मिलिमीटर पाऊस पडतो हे खरे, परंतु तो चार महिन्यांत पडून जातो.

तलावावरील जुने वाटे

पूर्व विदर्भातील माजी मालगुजारी तलावांची संख्या सहा हजारांहून अधिक आहे. पाळ, पाणी सोडण्याचे तुडूम, जादा पाण्याचा सांडवा आणि शेतापर्यंतचे पाट अशी त्यांची रचना असून, ती उभारण्यात कोहळी समाजाचे कौशल्य विशेष मानले जाते. हा प्रदेश मध्य प्रदेशात असताना १९५० च्या कायद्यान्वये मालगुजारी संपुष्टात आली आणि १९५१ पासून तलाव शासनाकडे आले. मालक बदलला, परंतु पाण्याचे वाटेकरी तेच राहिले. लाभक्षेत्रातील धानउत्पादक, तलाव ठेक्याने घेणाऱ्या मच्छीमार सहकारी संस्थांतील ढीवर कुटुंबे, गुरे पाजणारे गोपालक आणि पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या काठावर भाजीपाला लावणाऱ्या स्त्रिया, या साऱ्यांचे हिस्से वहिवाटीने ठरलेले आहेत.

एक वाटेकरी बोलू शकत नाही. सारस हा क्रौंचकुळातील सर्वांत उंच पक्षी महाराष्ट्रात आता मुख्यत्वे गोंदिया व त्याच्या लगतच्या भागातच उरला आहे. तो धानाच्या बांधीत घरटे करतो आणि तलावाच्या उथळ पाण्यात चरतो. त्याच्या घटत्या संख्येची मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्वतःहून दखल घेतली. मैदानावरील रोगनाशके व नत्रखते पावसाच्या पहिल्या लोंढ्याबरोबर उतारावरील तलावात उतरतात. यासाठी मैदान तलावाच्या वरच्या अंगास आहे की खालच्या, हा प्रश्न नकाशा पाहताना प्रथम विचारावा लागतो. वरच्या अंगास असल्यास मासळी आणि सारस या दोहोंना धोका आहे. खालच्या अंगास असल्यास ती जागा बहुधा तलावाच्या लाभक्षेत्रातील उत्तम धानाची जमीन असते.

सांडपाणी शुद्ध करून ते मैदानास वापरावे, हा उपाय नेहमी सुचविला जातो व तो तत्त्वतः योग्य आहे. मात्र गोंदिया शहराच्या सांडपाण्याचा विचार करताना केंद्र शासनाच्या जानेवारी २०१६ च्या वीजदर धोरणाकडे दुर्लक्ष करता येत नाही. शुद्धीकरण केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतील औष्णिक वीज केंद्रांनी हे पाणी वापरावे असे ते सांगते, आणि तिरोड्याचे वीज केंद्र या टप्प्यात येते. शिवाय शहराचे सांडपाणी अर्जुनी-मोरगावपर्यंत नेण्यास नळाचाच खर्च मैदानाएवढा होईल. शहरालगत एखादे नऊ होलांचे छोटे मैदान काढावयाचे असेल तरच हा मार्ग विचारात घेण्याजोगा आहे.

पैशाची बाजू

योजनेच्या अहवालात पैशाचे प्रकरण बहुधा शेवटी असते आणि त्यातील तक्ते आकर्षक असतात. ते उलट बाजूने, म्हणजे एका खेळाडूच्या एका फेरीपासून वाचले तर बरेच काही उमगते. उदाहरणादाखल आकडे घेऊ. समजा, जमीन सोडून मैदान, पाणीयंत्रणा व क्लबगृह यांसाठी ४० कोटी रुपये लागले आणि ते १० टक्के व्याजाने उभारले. व्याजच वर्षास ४ कोटी होते. कापणी, सिंचन, खते व नोकरवर्ग यांचा वार्षिक खर्च २ कोटी धरू. आता उदार मनाने मानू की वर्षातून १०,००० फेऱ्या खेळल्या गेल्या. तर मुद्दलातील एक रुपयाही न फेडता प्रत्येक फेरीमागे ६,००० रुपये मिळाले पाहिजेत. नागपूर रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर दूर आहे. तेथून किंवा रायपूरहून वर्षातून किती जण एवढ्या शुल्कासाठी येतील, याचा अंदाज अहवाल लिहिणाऱ्याने नावानिशी नव्हे तरी पुराव्यानिशी द्यावयास हवा.

ऋतूंचाही विचार व्हावा. गोंदियात सुखाने खेळता येईल असा काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ अंशांवर जातो तेव्हा खेळाडू येत नाही, परंतु गवतास पाणी तेव्हाच सर्वाधिक लागते. पावसाळ्यात व्याघ्र प्रकल्पाची दारे बंद, म्हणून पर्यटकही नाही. अर्थात उत्पन्न चार महिन्यांचे आणि खर्च बारा महिन्यांचा. मैदान आखून गवत धरेपर्यंतचे वर्ष-दीड वर्ष तर निव्वळ खर्चाचेच असते. कर्ज देणारी बँक या काळासाठी परतफेड लांबणीवर टाकते, पण व्याज वाढतच जाते व ते प्रकल्पाच्या किमतीत मिसळावे लागते. हा आकडा अहवालात निराळा दाखविला आहे काय, हे वित्त अधिकाऱ्याने अवश्य पाहावे.

शुल्कातून ही तोंडमिळवणी होत नाही, हे जगातील योजनाकारांना फार पूर्वीच कळले आहे. त्यावर दोन तोडगे निघाले. पहिला जपानचा. तेथे १९८० नंतरच्या तेजीत मैदान बांधण्यापूर्वीच सभासदांकडून बिनव्याजी मोठ्या ठेवी घेण्यात आल्या. ठराविक वर्षांनी त्या परत करण्याची हमी होती. सभासदत्वाची खरेदी-विक्री समभागांप्रमाणे होऊ लागली व किमती आकाशाला भिडल्या. १९९० नंतर बाजार कोसळताच सभासदांनी ठेवी परत मागितल्या, परंतु पैसा मातीकामात आणि गवतात गेलेला होता. शेकडो मैदानांच्या कंपन्या बुडाल्या, पुष्कळ मैदाने परदेशी गुंतवणूकदारांनी स्वस्तात घेतली, आणि अलीकडे काही मैदानांवर गवताऐवजी सौर विजेच्या तावदानांच्या रांगा उभ्या आहेत. ठेव हे उत्पन्न नव्हे, ते कर्ज होय. अहवालात ‘सभासद ठेवी’ हा शब्द उत्पन्नाच्या बाजूस आढळला तर तेथे लाल शाईची खूण करावी.

दुसरा तोडगा अमेरिकेचा, आणि आपल्याकडे येणाऱ्या योजना बहुधा याच वळणाच्या असतात. मैदान तोट्यातच चालणार हे गृहीत धरून त्याच्या कडेचे भूखंड व बंगले चढ्या दराने विकावयाचे. मैदान ही घरांची जाहिरात ठरते. घरे विकली जाईपर्यंत बांधणारा मैदान सांभाळतो, विकली गेल्यावर त्याला त्यात रस उरत नाही. अमेरिकेत २००६ पासून अनेक वर्षे नव्याने सुरू होणाऱ्या मैदानांपेक्षा बंद पडणाऱ्या मैदानांची संख्या अधिक राहिली. तेव्हा अहवालातून घरांची विक्री वगळून मैदान आपल्या पायावर उभे राहते काय हे पाहावे. राहत नसेल तर तो प्रस्ताव क्रीडांगणाचा नसून जमीनविक्रीचा आहे, आणि त्याची छाननी तशीच झाली पाहिजे.

ग्रामपंचायतीने अशा योजनेत जागेच्या बदल्यात नफ्याचा वाटा स्वीकारणे धोक्याचे आहे, कारण वरील हिशेबाने नफा बराच काळ संभवत नाही. ठरलेले भाडे, ठराविक काळाने होणारी वाढ आणि प्रकल्प सोडून दिल्यास जमीन पूर्ववत करण्यासाठी बँकेत ठेवलेली अनामत, या गोष्टी कमी आकर्षक असल्या तरी हाती येणाऱ्या आहेत. रोजगाराचे आश्वासनही गवत कापणे, माळीकाम व खेळाडूंच्या पिशव्या वाहणे यापलीकडे कितपत जाते हे लेखी मागावे.

कायद्याची चौकट

भूमी संपादनाच्या २०१३ च्या कायद्यात क्रीडा व पर्यटन प्रकल्पांचा सार्वजनिक प्रयोजनात समावेश आहे. परंतु खाजगी कंपनीसाठी संपादन करावयाचे तर ८० टक्के, आणि शासन व खाजगी भागीदारीच्या प्रकल्पासाठी ७० टक्के बाधित कुटुंबांची पूर्वसंमती आवश्यक आहे. ओलिताखालील बहुपीक जमीन अपवादात्मक परिस्थितीखेरीज घेता येत नाही. प्रत्यक्षात अशा जमिनी बहुधा वाटाघाटीने खरेदी केल्या जातात. तेथे १९५८ चा विदर्भाचा कुळकायदा आणि आदिवासींच्या जमिनीचे हस्तांतरण रोखणाऱ्या महसूल संहितेतील तरतुदी लागू होतात. गोंड व हलबा वस्तीच्या गावांत या तरतुदींचे महत्त्व निराळे सांगावयास नको. गायरानाविषयी आणि गावतळ्यांविषयी सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपालसिंग खटल्यात दिलेला निकाल प्रत्येक सरपंचाने वाचावा असा आहे. सामाईक जमिनीवरील अतिक्रमणे नियमित करण्याच्या प्रवृत्तीस त्याने आळा घातला.

वनहक्क कायदा २००६ खाली सामूहिक हक्क मान्य झालेल्या गावांत ग्रामसभेचे मत निर्णायक ठरते. पर्यावरण परिणामांसंबंधीच्या २००६ च्या अधिसूचनेत गोल्फ मैदानाची स्वतंत्र नोंद नाही. मात्र बांधकाम २०,००० चौरस मीटरच्या वर गेले किंवा वसाहतीचे क्षेत्र ५० हेक्टरच्या वर गेले की तिची मर्यादा लागू होते. म्हणून हॉटेल, बंगले आणि मैदान हे तीन वेगवेगळे प्रस्ताव करून येऊ लागले तर ते एकत्र जोडून पाहणे हे अधिकाऱ्यांचे काम आहे.

गोव्यातील पेडणे तालुक्याच्या तेरेखोल गावचा अनुभव या संदर्भात उपयुक्त आहे. तेथे गोल्फ मैदानासह हॉटेलाच्या योजनेसाठी जमीन खरेदी झाली. पण त्या जमिनीतील काजूबागा पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणाऱ्या कुटुंबांनी कुळ म्हणून आपला हक्क सांगितला आणि वाद न्यायालयात गेला. कागदावरचा मालक व कसणारा यांतील अंतर आधीच तपासले असते तर गाव आणि भांडवल दोन्ही इतकी वर्षे अडकून पडली नसती.

विदर्भातील गावांना याबाबत एक जुने साधन उपलब्ध आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम १६१ नुसारचे निस्तारपत्रक आणि कलम १६५ नुसारचा वाजिब-उल-अर्ज, या दोन दस्तऐवजांत गावाच्या चराईचे, सरपणाचे, वाटांचे आणि पाण्याचे वहिवाटी हक्क नोंदलेले असतात. पुष्कळ ग्रामपंचायतींच्या दप्तरात त्यांची प्रत नसते. तहसील कार्यालयातून ती मागवून तलावाचे नाव, गट क्रमांक व त्यावरील हक्क यांचा उतारा ग्रामसभेच्या इतिवृत्तात घ्यावा. शंभर हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेचे तलाव जिल्हा परिषदेकडे असल्याने क्षमतेची नोंद तेथील लघुपाटबंधारे विभागात मिळू शकते. मूळ क्षमता आणि गाळ साचल्यानंतरची आजची क्षमता यांत मोठी तफावत असते. प्रस्तावातील आकडे बहुधा मूळ क्षमतेचे असतात.

ही तफावत गावालाच मोजता येते. तुडुमाच्या दगडी भिंतीवर फूट-इंचांच्या खुणा रंगवून दर आठवड्यास पाण्याची पातळी वहीत लिहावी, एवढेच ते काम आहे. शाळेतील सातवी-आठवीची मुले ते करू शकतात. मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यातील नोंद विशेष जपून ठेवावी. गोल्फ मैदानाची मोटार ज्या दिवशी सर्वाधिक काळ चालणार आहे, त्या दिवशी तलावात किती पाणी असते हे तीच सांगते.